गेमिंग लॅपटॉप जुळवून मागवताना: पैसे स्टोरेजवर घालू की वॉरंटीवर?

सह्यवेडा | ११ जानेवारी २०२६, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी,

आठ वर्षं वापरलेला लॅपटॉप आता शेवटच्या घटका मोजतोय. पंखा फिरायला लागला की आई आतून विचारते, "एवढ्या रात्री मिक्सर कोणी लावलाय?" त्यामुळे नवीन गेमिंग लॅपटॉप थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून, हवा तसा जुळवून मागवायचा ठरवलाय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर धाग्याचं ब्रँडयुद्ध होईल आणि माझा प्रश्न राहील बाजूला.

प्रोसेसर, ग्राफिक्स, स्क्रीन ठरलंय. गाडी अडलीय शेवटच्या दोन रकान्यांत.

स्टोरेज: ५१२ जीबी मूळ किमतीत. १ टीबीला ५,५०० रुपये जास्त. १ टीबी + १ टीबी अशा दोन डिस्क घेतल्या तर १६,००० जास्त.

वॉरंटी: एक वर्ष ऑनसाइट, म्हणजे माणूस घरी येऊन दुरुस्त करणार, मूळ किमतीत. तीन वर्षं ऑनसाइटला ६,५०० जास्त. तीन वर्षं अधिक अपघाती नुकसान, म्हणजे पडलं, चहा सांडला वगैरे, याला ११,०००.

माझ्याकडे वर टाकायला फार तर १५-१६ हजार आहेत. म्हणजे भरपूर स्टोरेज आणि साधी वॉरंटी, नाहीतर कमी स्टोरेज आणि तगडी वॉरंटी. मी चिपळुणात राहतो. दिवसा घरूनच नोकरीचं काम, रात्री गेम. या कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठायचं तर कुंभार्ली घाट चढून कोल्हापूर नाहीतर पुणे. जाणकारांनी प्रकाश टाकावा. २६ जानेवारीच्या सेलपर्यंत थांबू का, हेही सांगा.

---

तुरीचं वरण | ११ जानेवारी, रात्री १०:४१

५१२ च्या वाटेला जाऊ नका. डिस्कवर ५१२ लिहिलेलं असतं, विंडोजमध्ये ४७६ दिसतात. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते, विंडोज १०२४ च्या. त्यातून विंडोज, रिकव्हरी, ऑफिसचं सामान वजा करा, हातात साडेतीनशेच्या आसपास राहतात. बाल्डर्स गेट ३ एकटा १५० जीबी मागतो, रेड डेड रिडेम्प्शन २ सुद्धा १५०. सायबरपंकला ७०. संपली की जागा!

मग दर शनिवारी एक गेम काढा, दुसरा टाका. इंटरनेट कोकणातलं, म्हणजे डाउनलोड लावून रविवारी सकाळी उठायचं. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

---

स्क्रूड्रायव्हर | ११ जानेवारी, रात्री ११:३०

मी चौदा वर्षं लॅमिंग्टन रोडला लॅपटॉप दुरुस्तीच्या बाकड्यावर बसतोय. जरा सविस्तर लिहितो.

लॅपटॉपमधली कोणती वस्तू नंतर बदलता येते आणि कोणती नाही, एवढाच विचार करा. गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्सची चिप मदरबोर्डला कायमची जोडलेली असते. बोर्ड गेला की तिन्ही एकदम गेले. वॉरंटी संपल्यावर नवीन बोर्डाची किंमत ऐकली की गिऱ्हाईक आधी खुर्ची मागतं. कित्येक जण तिथूनच लॅपटॉप भंगारात देऊन घरी जातात. आणि गेमिंगच्या मशीनचा बोर्ड रोज तापतो, रोज थंड होतो. आमच्याकडे अशी मशीनं येतात ती बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, म्हणजे नेमकी एक वर्षाची वॉरंटी संपल्यावर.

एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, मात्र एका स्क्रूवर बसते. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये तिच्यासाठी एम.२ नावाचे दोन स्लॉट असतात आणि दुसरा रिकामा येतो. सहा महिन्यांनी, वर्षाने, हातात पैसे आले की घाला.

अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते. बाजारात तुम्ही चांगली एसएसडी घेता तिला बहुधा पाच वर्षांची स्वतंत्र वॉरंटी असते. सॅमसंगच्या ९९० प्रोवर पाच वर्षं आहेत. तीच सॅमसंगची किंवा मायक्रॉनची डिस्क लॅपटॉपमध्ये बसून आली, तर तिला लॅपटॉपची वॉरंटी. लॅपटॉपची एक वर्षाची असेल तर डिस्कचीही एकच वर्षाची. डिस्क बनवणाऱ्या कंपनीकडे गेलात तर ती लॅपटॉपवाल्याकडे बोट दाखवणार.

म्हणून माझं मत: तीन वर्षं ऑनसाइट डोळे मिटून घ्या, शक्य असेल तर अपघाती नुकसानासकट. स्टोरेज सर्वात कमी घ्या.

सेलबद्दल: सेलमध्ये बहुधा तयार मॉडेलं स्वस्त होतात, जुळवून मागवलेली क्वचितच. कार्डाची सवलत तेवढी मिळेल.

---

अनामिका७ | ११ जानेवारी, रात्री ११:५२

वाखूसा (वाचनखूण साठवली). भावासाठी हेच शोधत होते.

---

रिकामटेकडा | १२ जानेवारी, सकाळी ७:१५

स्क्रूड्रायव्हरदादांचा पहिला भाग पूर्ण मान्य. "स्टोरेज सर्वात कमी घ्या" इथे मात्र मतभेद.

हा सल्ला दोन वर्षांपूर्वी शंभर टक्के बरोबर होता. मी स्वतः दहा जणांना दिलाय. पण आता बाजार फिरलाय. एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी आणि फ्लॅश चिपा उचलल्यामुळे २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडी दोन्ही महाग झाल्यात. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीरच केलं की क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करतोय. आपल्यापैकी निम्म्यांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये तीच डिस्क असेल.

त्यामुळे "नंतर स्वस्तात घालू" हे गृहीत धरू नका. आज बाहेर १ टीबीची बऱ्यापैकी डिस्क काय भावाला मिळते ते बघा. कंपनी ५१२ वरून १ टीबीला साडेपाच हजार मागत असेल तर आजच्या बाजारात तो सौदा वाईट नाही. रॅमलाही हाच हिशोब लावा. दुसरी डिस्क मात्र त्यांच्याकडून घेऊ नका, तिथे त्यांनी नफा चढवलेला दिसतोय.

रच्याकने (म्हणजे जाता जाता), पर्यायाच्या ओळीत टीएलसी लिहिलंय की क्यूएलसी, ते बघितलंत का?

---

सह्यवेडा | १२ जानेवारी, सकाळी ९:०५

५१२ समोर क्यूएलसी लिहिलंय, १ टीबी समोर टीएलसी! काल माझं लक्षच गेलं नव्हतं. याने किती फरक पडतो?

आणि दुसरी शंका: मी स्वतः झाकण उघडून डिस्क घातली तर वॉरंटी जाणार नाही ना? इथल्या दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं की जाते.

---

रिकामटेकडा | १२ जानेवारी, सकाळी ९:४०

चाळीतली खोली समजा. टीएलसीमध्ये एका खोलीत तीन बिऱ्हाडं, क्यूएलसीमध्ये चार. भाडं स्वस्त पडतं, पण भांडी ठेवायला जागा नाही आणि नळावर गर्दी. एका पेशीत तीनऐवजी चार बिट कोंबले की लिहिणं हळू होतं आणि पेशी लवकर झिजते.

रोजच्या वापरात जाणवत नाही, कारण डिस्क थोडी जागा वेगवान कप्पा म्हणून वापरते. १५० जीबीचा गेम उतरवताना किंवा एका डिस्कवरून दुसरीवर टाकताना तो कप्पा भरतो, आणि मग स्वस्तातली क्यूएलसी डिस्क जुन्या हार्डडिस्कच्या चालीने चालायला लागते. डिस्क जेवढी भरलेली तेवढा कप्पा लहान. ५१२ ची क्यूएलसी, त्यात तीन गेम ठासलेले, म्हणजे सगळे दुर्गुण एका ठिकाणी.

झीज होण्याची भीती मात्र लोक उगाच बाळगतात. ९९० प्रोच्या १ टीबीवर ६०० टीबी लिहिण्याची हमी आहे. रोज १०० जीबी लिहिलेत तरी सोळा वर्षं लागतील. तोवर गेमचा नादही सुटेल आणि केसही.

जेन४ की जेन५ (डिस्कच्या वेगाच्या पिढ्या) यात शिरू नका. कागदावर जेन३ सेकंदाला साडेतीन हजार एमबी, जेन४ सात हजार, जेन५ दहा हजारांच्या पुढे. गेम उघडायला जेन३ आणि जेन४ मध्ये एखाद-दोन सेकंदांचा फरक. जेन५ लॅपटॉपमध्ये तापते तेवढी.

---

बे एरियातली काकू | १२ जानेवारी, सकाळी ११:२०

झाकण उघडण्याबद्दल आणि त्यावरच्या वॉरंटीच्या स्टिकरबद्दल. इथे अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. नुसतं उघडलं म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही, आणि "स्टिकर काढलं तर वॉरंटी रद्द" म्हणणाऱ्या काही कंपन्यांना २०१८ मध्ये सरकारने समजपत्रं पाठवली होती. हे वाचून भारतातले भाचे मला सांगतात, "काकू, चालतं." अरे बाबांनो, तो कायदा इथला! तुमच्या कंपनीच्या भारतातल्या अटी वाचा.

आणि इथून मशीन नेणाऱ्यांसाठी: ऑनसाइट किंवा अपघाती नुकसानाचं संरक्षण तुमच्याबरोबर विमानात बसून येईलच असं नाही. बॅग भरायच्या आधी मॉडेल क्रमांक घालून विचारा. मी न विचारता पुतण्याला नेऊन दिला होता. आता दर दिवाळीला ऐकते.

---

स्क्रूड्रायव्हर | १२ जानेवारी, दुपारी २:१०

काकू म्हणतात ते बरोबर, अटी वाचायच्या. तरी अनुभवाने सांगतो: बहुतेक मोठ्या कंपन्या रॅम आणि एसएसडी घालू देतात. डिस्क कशी काढायची हे त्यांच्याच मॅन्युअलमध्ये चित्रांसकट असतं. वॉरंटी जाते ती तुम्ही उघडताना काही मोडलंत तर, आणि तेवढ्या नुकसानापुरती. तुम्ही घातलेल्या डिस्कची जबाबदारी अर्थातच त्यांची नाही. चॅटवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. छातीठोक दुकानदाराला बहुधा उघडायचे पाचशे रुपये घ्यायचे असतील.

घालताना: लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, झाकण उघडल्यावर सर्वात आधी बॅटरीची वायर सोडवा. झाकणाच्या खाचा प्लॅस्टिकच्या असतात, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, जुनं एटीएम कार्ड वापरा. सगळे स्क्रू एका लांबीचे नसतात, कागदावर झाकणाचं चित्र काढून जिथला स्क्रू तिथे ठेवा. डिस्क २२८० मापाची लागते की २२४२, आधी बघा (२२ मिमी रुंद, ८० किंवा ४२ मिमी लांब). डेस्कटॉपसाठीची हीटसिंक (उष्णता काढणारी धातूची पट्टी) चिकटवलेली डिस्क घेऊ नका, झाकण लागत नाही. गेल्या महिन्यात एकाने झाकण दाबून बसवलं, खालून फुगलेलं, आणि माझ्याकडे आला की बॅटरी फुगली!

इंटेलच्या काही मशीनवर नव्या डिस्कवर विंडोज घालताना डिस्कच दिसत नाही. घाबरू नका. डिस्क चांगली असते. स्टोरेजचा ड्रायव्हर कंपनीच्या पानावरून पेनड्राइव्हवर घेऊन दाखवावा लागतो. तुम्हाला तर दुसरी डिस्क फक्त गेमसाठी, हाही त्रास नाही.

---

तुरीचं वरण | १२ जानेवारी, दुपारी २:४४

एटीएम कार्ड जुनं घ्या म्हणजे जुनंच घ्या. हा.का.ना.का. (हाय काय नाय काय.)

---

अनामिका७ | १२ जानेवारी, रात्री ९:३०

इतका वेळ नुसती वाचत होते, पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून टंकते.

माझ्या लॅपटॉपला तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी होती. दीड वर्षाने बोर्ड गेला. तक्रार केली, दोन दिवसांत माणूस घरी आला, जेवणाच्या टेबलावर तासाभरात बोर्ड बदलून दिला. एक रुपया घेतला नाही. मी त्याला चहा विचारेपर्यंत स्क्रीनवर निळा पडदा: ४८ अंकी रिकव्हरी की द्या.

डिस्कला विंडोजच्या बिटलॉकरचं कुलूप होतं आणि त्या कुलपाची किल्ली जुन्या बोर्डातल्या चिपमध्ये. मी कधीच काही चालू केलं नव्हतं, विंडोजने आपोआप लावलेलं. किल्लीची प्रत मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते म्हणे. माझी होती, पण कॉलेजच्या ईमेलच्या खात्यात, आणि कॉलेज सोडल्यावर ते खातं बंद झालेलं. डिस्क ठणठणीत, फाइली आतमध्ये, आणि मी बाहेर. प्रबंधाचं तिसरं प्रकरण परत लिहिलं.

तो इंजिनिअर बिचारा म्हणाला, "ताई, वॉरंटी मशीनची असते, डेटाची नाही." कागदावरही तेच छापलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

तर लॅपटॉप आला की पहिल्या दिवशी ती की शोधा आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा. आणि थोडे पैसे बाहेरच्या डिस्कवर बॅकअपसाठी ठेवा. भावाला मी आधी ती घ्यायला लावली, लॅपटॉप नंतर.

---

स्क्रूड्रायव्हर | १२ जानेवारी, रात्री १०:०२

अनामिकाताई, हे मी लिहायला हवं होतं. आठवड्यातून एकदा तरी असं गिऱ्हाईक येतं आणि मला हात जोडावे लागतात. विंडोज ११ च्या चोवीस एच टू आवृत्तीपासून तर नव्याने विंडोज घालून मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं की हे कुलूप बहुधा लागतंच.

पुरवणी: डिस्कच खराब झाली तर वॉरंटीत नवीन मिळते, पण जुनी कंपनी घेऊन जाते. ऑफिसचं गोपनीय काही असेल तर जुनी स्वतःकडे ठेवायचा पर्याय काही कंपन्या वेगळ्या पैशांत देतात. घरगुती माणसाला गरज नाही.

---

वाशिष्ठीकाठ | १३ जानेवारी, सकाळी ८:२५

सह्यवेड्या, अरे मीही चिपळूणचाच!

दोन गोष्टी. पहिली: ऑनसाइट म्हणजे ऑनसाइटच असेल असं धरून चालू नकोस. पैसे भरायच्या आधी आपला पिनकोड सांगून लेखी विचार. माझ्या वेळी "पुढच्या कामाच्या दिवशी" असं छापलेलं, प्रत्यक्षात माणूस कोल्हापूरहून येणार, पार्ट मुंबईहून येणार, असं करत आठ दिवस गेले. तरी घाटातून मशीन मांडीवर घेऊन एसटीने जाण्यापेक्षा ते परवडलं.

दुसरी: "अपघाती नुकसान" यात चहा येतो, पूर येत नाही. २२ जुलै २०२१ ला आमच्या तळमजल्यावर डोक्याएवढं पाणी होतं. लॅपटॉप माळ्यावर नेला म्हणून वाचला, शेजाऱ्यांचा बुडाला. त्यांच्याकडे अपघाताचं संरक्षण होतं. उत्तर आलं की पूर, आग, भूकंप अटींत बसत नाहीत. चोरी पण नाही. त्यासाठी घराचा विमा वेगळा. आणि किती वेळा दावा करता येतो तेही बघ, बऱ्याच ठिकाणी वर्षाला एकदाच.

---

फ्रेमरेट | १३ जानेवारी, सकाळी १०:११

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

तुरीचं वरण | १३ जानेवारी, सकाळी १०:१५

आलं होतं बरं का ब्रँडयुद्ध. पाच मिनिटांत आटोपलं.

---

काळा कोट | १३ जानेवारी, रात्री ८:५०

थोडं कागदोपत्री.

बिल कोणाच्या नावावर घेताय? बरेच जण १८ टक्के जीएसटी परत मिळवायला कंपनीच्या नावावर बिल घेतात. तसं केलंत आणि पुढे भांडण झालं तर समोरचा वकील पहिलाच मुद्दा काढतो की खरेदी व्यापारी कारणासाठी आहे, हे ग्राहकच नाहीत. स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तूला सूट आहे, पण ती सिद्ध करत बसावी लागते. गेम खेळायला घेताय ना, मग सरळ स्वतःच्या नावावर घ्या.

विस्तारित वॉरंटी लॅपटॉपच्याच कंपनीची घ्या. खरेदीच्या पानावर खाली जो "संरक्षण योजना" म्हणून चौकोन असतो तो बऱ्याचदा तिसऱ्याच कोणाचा असतो. मग घसारा, पिकअप, मंजुरी, सगळंच वेगळं.

तक्रार करायची वेळ आलीच तर आधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. आमच्या अशिलांची निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात (माझं नुकसान). नाही मिटलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात जाता येतं. कंपनीचं कार्यालय बंगळूरला असलं तरी तुमच्यासाठी रत्नागिरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. चॅट, ईमेल, तक्रार क्रमांक, सगळ्याचे स्क्रीनशॉट. फोनवर बोललात की लगेच एक ईमेल टाका: "आत्ता आपलं असं असं बोलणं झालं."

---

सह्यवेडा | १४ जानेवारी, दुपारी १२:३०

तिळगूळ घ्या, ब्रँडवर भांडू नका.

मागवला एकदाचा. १ टीबी टीएलसी आणि तीन वर्षं ऑनसाइट, अपघाती नुकसानासकट. वर साडेसोळा हजार गेले. दोन डिस्कचा पर्याय सोडला, बॅकअपसाठी जुनीच बाहेरची हार्डडिस्क वापरणार. पिनकोडचं लेखी विचारलं तर आधी "सर, इट्स अव्हेलेबल पॅन इंडिया" असं पाठ केलेलं उत्तर. परत विचारलं तेव्हा खरं आलं: चिपळूणला येतात, पण तीन ते पाच कामाचे दिवस. चालेल. स्लॉटचंही विचारलं: दुसरा आहे, रिकामा, २२८०. डिस्क आपली आपण घातली तर वॉरंटी राहते, असं ईमेलवर मिळालंय.

बॅटरीबद्दल कोणी लिहिलं नव्हतं, चॅटवर सहज विचारलं म्हणून कळलं: तीन वर्षांच्या वॉरंटीत बॅटरी एकच वर्ष. तिचे वेगळे पैसे. ते नाही भरले, चार्जर लावूनच खेळतो.

---

सह्यवेडा | ७ फेब्रुवारी, रात्री ९:१५

लॅपटॉप आला. आई म्हणते, पंखा अजून मिक्सरच आहे, फक्त नव्या कंपनीचा.

अनामिकाताई, ४८ आकडे वहीत लिहिले, वही देवघराच्या कपाटात.

संकेतस्थळावर सिरियल नंबर टाकून बघितला, तर वॉरंटी घरी यायच्या नऊ दिवस आधीच सुरू झालेली. बिल आणि कुरिअरची पावती अपलोड केली, चार दिवसांत तारीख दुरुस्त झाली. सगळ्यांनी एकदा बघून घ्या.

मामाने त्याच्या जुन्या डेस्कटॉपमधली ५१२ ची डिस्क दिली, म्हटलं आजच घालून टाकू. एटीएम कार्डाने झाकण उघडलं, बॅटरी सोडवली, डिस्क स्लॉटमध्ये सरकवली, आणि बघतो तर ती दाबून ठेवणारा स्क्रूच नाही! कंपनीने रिकाम्या स्लॉटला दिलेलाच नाही. अख्खी बाजारपेठ फिरलो, मोबाईलवाले मोबाईलचे स्क्रू दाखवतात.

---

स्क्रूड्रायव्हर | ७ फेब्रुवारी, रात्री ९:३२

एम२ (म्हणजे २ मिमी जाडीचा) स्क्रू, लांबी ३ मिमी, चपट्या डोक्याचा. चिकटपट्टी लावू नका, गरम झाली की सुटते.

---

वाशिष्ठीकाठ | ७ फेब्रुवारी, रात्री ९:५०

माझ्या डबीत दोन आहेत. उद्या सकाळी दहाला चिंचनाक्याला ये, स्क्रूड्रायव्हर पण आणतो.